दुसऱ्या स्मिथचं काय? : लष्करी प्रेमकादंबऱ्यांविषयी

आजचा विषय प्रेमकादंबरी, आणि तीही लष्करी. नायक सैनिक, कमांडो किंवा नौदलातला अधिकारी. नायिका डॉक्टर, नर्स, पत्रकार, कधी ती स्वतःच गणवेशात. आणि शेवटी दोघांचं जमतं. अमेरिकेत या कादंबऱ्यांचा स्वतंत्र कप्पा आहे, त्याचे ठरलेले लेखक आहेत आणि ठरलेले वाचक आहेत. आपल्याकडचे समीक्षक या पुस्तकांना चिमट्यानंसुद्धा उचलत नाहीत. मी गेली काही वर्षं ती वाचतो आहे, आणि ती बाजूला टाकण्यासारखी नाहीत, असं माझं मत झालं आहे. सगळी नव्हेत, काही.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं यात कशाला पडायचं, असं कुणाला वाटत असेल तर एक आठवण करून देतो. मराठीतले अतिशय लोकप्रिय प्रेमकादंबरीकार ना. सी. फडके हे तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते. वर्गात अनुमानाचे प्रकार शिकवायचे आणि घरी येऊन नायक-नायिकेची गाठ घालून द्यायची, हे त्यांना कधी विसंगत वाटलं नाही. उलट १९३१ साली त्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून कादंबरी कशी रचावी याचं तंत्रच मांडलं. त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा झाली. पण एक गोष्ट फडक्यांना कळली होती, ती म्हणजे प्रेमकादंबरी हा रचनेचा, जवळजवळ तर्काचा प्रकार आहे. दोन माणसं एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. म्हणजे निष्कर्ष आधीच दिलेला आहे. आता त्या निष्कर्षापर्यंत नेणारी विधानं तुम्ही अशी मांडायची की प्रत्येक पायरीवर वाटावं, छे, हे काही होत नाही!

अमेरिकेत १९८० साली प्रेमकादंबरीकारांची एक संघटना स्थापन झाली. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ हे तिचं नाव. तिनं या प्रकाराची व्याख्या केली आणि तिचे दोनच भाग ठेवले. मध्यवर्ती कथा प्रेमाची हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. बस्स. दुसरा भाग जरा नीट बघा. हा नुसता साहित्यप्रकाराचा नियम नाही, हे वचन आहे. लेखिका वाचकाला सांगते आहे की तू निर्धास्त वाच, ही दोघं वाचतील आणि एकत्र येतील. वाचक पैसे मोजतो ते या वचनाचे. रहस्यकथेत खुनी सापडणार, हेही तसंच वचन आहे. तिथं आपण नाक मुरडत नाही आणि इथं मात्र मुरडतो. का, ते तुम्हीच ठरवा.

ज्यांना असं लिहायचं आहे, आणि मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांवरून दिसतं की इथं तशी एक-दोन मंडळी आहेत, त्यांनी मुळाशी असलेली अडचण आधी ओळखावी. सैनिक हा असा माणूस आहे की ज्याचं उद्याचं आयुष्य त्याच्या स्वतःच्या हातात नाही. रजा रद्द होते. बदली होते. हुकूम येतो. तो बायकोला ‘दिवाळीला येतो’ म्हणतो, तेव्हा त्या वाक्याचा कर्ता तो नसतोच; कर्ता पलटण असते. आणि लेखिका तर आधीच वाचकाला सांगून बसली आहे की तो परत येईल. सैनिकाला जे वचन देता येत नाही, ते कादंबरीकारानं त्याच्या वतीनं दिलेलं असतं. लष्करी प्रेमकादंबरीची सगळी ताकद याच गाठीत आहे, आणि सगळा खोटेपणाही.

या गाठीवर विचार करताना मला गाब्रिएल मार्सेल आठवतो. हा फ्रेंच तत्त्वज्ञ १८८९ सालचा. पहिल्या महायुद्धात प्रकृतीमुळे त्याला लढायला जाता आलं नाही, म्हणून तो रेडक्रॉसमध्ये काम करू लागला. काम काय, तर बेपत्ता सैनिकांचा तपास लावायचा आणि घरच्यांना कळवायचं. प्रत्येक सैनिकाचं एक कार्ड असे. आई यायची, बायको यायची, आणि हा कार्डावरची माहिती बघून उत्तर द्यायचा. पुढे त्यानं सांगितलं आहे की कार्डावरची माहिती म्हणजे माणूस नव्हे, हे त्याला तिथं कळलं. नंतर निष्ठेवर लिहिताना त्यानं एक साधा प्रश्न विचारला. आजारी मित्राला ‘उद्या येतो’ असं मी आज कळवळून सांगितलं. उद्या तो कळवळा उरला नाही, तर? माझ्या उद्याच्या भावनेची हमी मी आज कशी देऊ? त्याचं उत्तर थोडक्यात असं आहे की वचन हा भविष्याचा अंदाज नव्हे. वचन देणारा ‘मला उद्या असं वाटेल’ असं म्हणत नाही; ‘मला काहीही वाटलं तरी मी तुझा राहीन’ असं म्हणतो, आणि ते पाळता पाळता तो तसा माणूस घडत जातो.

हे लक्षात ठेवलं तर चांगली लष्करी प्रेमकादंबरी आणि वाईट यांतला फरक चटकन दिसतो. वाईट कादंबरीत वचन म्हणजे अंदाज असतो. नायक जबरदस्त आहे, त्याचे दंड असे असे आहेत, त्याला गोळी लागूच शकत नाही, म्हणून तो परत येईल. चांगल्या कादंबरीत तो परत येतो तेही वाचकाला ठाऊक असतं, पण नायिकेला ठाऊक नसतं, आणि तिच्या त्या न कळण्याला लेखिका मान देते.

थोडा इतिहास. लिंडसे मॅकेना या लेखिकेची ‘कॅप्टिव्ह ऑफ फेट’ १९८३ साली आली आणि ती आधुनिक लष्करी प्रेमकादंबरीतली पहिली असं सहसा मानलं जातं. मॅकेना स्वतः अमेरिकन नौदलात होत्या, हवामानाच्या खात्यात. साल बघा, १९८३. सायगाव पडून आठ वर्षं झाली होती. आणि त्याआधी १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली होती. माझा तर्क असा आहे की या दुसऱ्या गोष्टीचा संबंध जास्त आहे. जोवर घराघरातला मुलगा उचलून नेला जातो, तोवर सैनिक हा प्रेमकादंबरीचा नायक होणं कठीण. तो शेजारच्या घरातलं दुःख असतो. भरती ऐच्छिक झाली, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी माणसं गणवेशात उरली, आणि बाकीच्यांसाठी सैनिक ही दुर्मिळ, दूरची, म्हणूनच आकर्षक गोष्ट झाली. पूर्वीच्या प्रेमकादंबरीत उमराव असायचा, आता नौदलाचा कमांडो आला.

तो कमांडो लोकप्रिय केला सुझान ब्रॉकमन यांनी. त्या सैन्यात नव्हत्या. वाचून, विचारून त्यांनी ती दुनिया उभी केली. १९९६ सालच्या ‘प्रिन्स जो’ मध्ये एका राजपुत्रासारखा दिसणारा कमांडो असतो आणि त्याला राजपुत्रासारखं वागायला शिकवायचं काम नायिकेवर येतं. म्हणजे ‘पिग्मॅलियन’ उलटं करून. गमतीचं पुस्तक आहे, त्यावर जास्त थांबत नाही. थांबायचं आहे ते २००० सालच्या ‘द अनसंग हीरो’ वर.

गोष्ट अशी. टॉम पाओलेटी हा कमांडो अधिकारी डोक्याला जबर मार लागून रजेवर घरी येतो, न्यू इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावात. तिथं त्याला एक माणूस दिसतो आणि वाटतं, अरे, हा तर मेलेला समजला गेलेला दहशतवादी! आता प्रश्न असा की त्याला खरंच दिसलं की दुखावलेल्या मेंदूनं दाखवलं? वरिष्ठांना वाटतं, याला भास होताहेत. त्याला स्वतःलाही खात्री नाही. नायिका केली ही डॉक्टर आहे. मेंदूला मार लागल्यावर भ्रम होऊ शकतात, संशय बळावतो, हे तिला पुस्तकी नव्हे तर व्यवसायातलं ज्ञान आहे. आणि तिचं त्याच्यावर लहानपणापासून मन आहे.

बघा, काय प्रश्न उभा केला आहे! भारतीय दर्शनांत आपण शब्दप्रमाण म्हणतो. आप्ताचं वचन प्रमाण मानावं. पण आप्त म्हणजे कोण? ज्याला यथार्थ दिसतं आणि जो तसंच सांगतो तो. इथं पहिलीच अट डळमळीत झाली आहे. माणूस खोटं बोलत नाही, पण त्याला नीट दिसतंय की नाही ते माहीत नाही. अशा माणसावर विश्वास ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं? डॉक्टर म्हणून तिनं एक म्हणायला हवं, प्रेयसी म्हणून दुसरं. अंधारात उडी मारली की ते प्रेम, असं सोपं उत्तर ब्रॉकमन देत नाहीत. माझ्या वाचनात त्या असं सुचवतात की विश्वास ठेवणं म्हणजे ‘तू म्हणतोस ते खरंच आहे’ असं मानणं नव्हे. ‘तू म्हणतोस ते तपासून बघण्याइतकं महत्त्वाचं आहे’ असं मानणं. मला हे फार मोलाचं वाटतं. युद्धावरून परतलेल्या माणसाला जगात सगळ्यांत कमी मिळणारी गोष्ट हीच असते. लोक त्याला सलाम करतात, रांगेत पुढे सोडतात. त्याचं ऐकून मात्र कुणी घेत नाही.

या कादंबरीत दुसरा एक धागा आहे. नायिकेचे वडील चार्ल्स आणि टॉमचा वयस्क नातलग जो, हे दोघे दुसऱ्या महायुद्धापासूनचे मित्र. चार्ल्स मरणाच्या दारात आहे आणि दोघांचं भांडण पेटलेलं आहे. भांडणाच्या मुळाशी फ्रान्समधल्या प्रतिकार चळवळीतली एक स्त्री आहे, सिबेल. दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं, आणि ती युद्धात गेली. म्हणजे तरुण जोडप्याच्या सुखी शेवटाच्या शेजारीच एक न झालेला सुखी शेवट साठ वर्षं घर करून बसला आहे. नियम पाळला आहे, वाचकाला दिलेलं वचन मोडलेलं नाही. पण हे सुख फुकटचं नाही, एवढं वाचकाला कळतं.

याच लेखिकेनं पुढे ज्यूल्स कॅसिडी नावाचा समलिंगी एफबीआय अधिकारी दुय्यम पात्र म्हणून आणला आणि २००७ च्या ‘ऑल थ्रू द नाइट’ मध्ये त्याचं लग्नच लावून दिलं. तेव्हा अमेरिकन सैन्यात ‘विचारू नका, सांगू नका’ हा कायदा चालू होता. तो २०११ पर्यंत होता. ज्याला आपलं माणूस कोण हे सांगण्याचीच बंदी आहे, त्याला वचन देताही येत नाही. एवढा राजकीय मुद्दा एका लोकप्रिय मालिकेनं लग्नाच्या गोष्टीतून सांगून टाकला. एखाद्या परिसंवादातून इतक्या वाचकांपर्यंत तो गेला असता असं मला वाटत नाही.

आता जरा मागे जाऊ. जॉर्जेट हेयर. आपल्यापैकी अनेकांच्या आई-मावशीनं, कॉलेजात इंग्रजी वाचत असतील तर, हेयर वाचलेली असेल. तिची ‘द स्पॅनिश ब्राइड’ १९४० साली आली. ब्रिटन युद्धात होता तेव्हा. ही गोष्ट कल्पित नाही. हॅरी स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या आत्मचरित्रावर आधारलेली आहे.

एप्रिल १८१२. स्पेनमधलं बादाहोस हे शहर फ्रेंचांच्या ताब्यात. वेलिंग्टनच्या सैन्यानं वेढा घालून हल्ला चढवला आणि एका रात्रीत तटाच्या भगदाडांपाशी माणसांचे ढीग पडले. शहर हाती आल्यावर त्या सैन्याचा ताबा सुटला. लूट, बलात्कार, खून, दोन-तीन दिवस चाललं होतं. लक्षात घ्या, शहर शत्रूचं नव्हतं. स्पॅनिश लोक ब्रिटिशांचे मित्र होते. त्या गदारोळातून दोन बहिणी ब्रिटिश छावणीत आल्या आणि अधिकाऱ्यांकडे आसरा मागितला. कानातली कर्णभूषणं हिसकल्यामुळे कानांतून रक्त वाहत होतं. धाकटी हुआना, वय चौदा. ज्या अधिकाऱ्यांसमोर त्या उभ्या होत्या त्यांत चोविशीचा हॅरी स्मिथ होता. काही दिवसांतच दोघांचं लग्न झालं. वेलिंग्टननं स्वतः वधूचं दान केलं. आणि पुढे हुआना आयुष्यभर त्याच्याबरोबर मोहिमांवर राहिली. दक्षिण आफ्रिकेतलं लेडीस्मिथ हे गाव तिच्याच नावाचं. बोअर युद्धात त्या लेडीस्मिथच्या सुटकेच्या लढायांत गांधीजींनी जखमी वाहून नेणारी भारतीयांची तुकडी काढली होती, ते आपल्याला माहीत आहे.

आपल्याला माहीत नसलेली गोष्ट अशी की ही हुआना मराठ्यांच्या तोफांसमोरही आली आहे. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूरला इंग्रजांची शिंद्यांच्या फौजेशी लढाई झाली. हॅरी स्मिथ तेव्हा इंग्रजांच्या फौजेत वरच्या हुद्द्यावर होता आणि हुआना हत्तीवर बसून बरोबर आली होती. शिंद्यांच्या तोफखान्याचा मारा सुरू झाला तेव्हा सरसेनापती गफ यांच्या घरच्या बायकांसह तीही त्या माऱ्यात सापडली. गव्हर्नर जनरल एलेनबरोनं या बायकांना नंतर पदकं दिली. त्याच दिवशी ग्वाल्हेरचे जे गोलंदाज तोफांपाशी मारले गेले, त्यांच्या बायकांवर मात्र अजून कुणी प्रेमकादंबरी लिहिलेली नाही.

हेयरच्या कादंबरीचं काय करायचं? ऐतिहासिक तपशिलात ती अचूक आहे, तिच्याइतका अभ्यास या प्रकारात क्वचित कुणी केला असेल. बादाहोसची लूट तिनं झाकलेली नाही. मुलीचं वयही झाकलेलं नाही. पण माझा आक्षेप असा की ती लूट ही गोष्टीची सुरुवात होऊन जाते, दार होऊन जाते, आणि दार ओलांडल्यावर ते कुणी मागे वळून बघत नाही. ज्या सैन्यानं कानातलं ओरबाडलं, त्याच सैन्यातला माणूस रक्षणकर्ता झाला. चौदा वर्षांच्या मुलीची ‘निवड’ इथं कितपत निवड आहे? तिच्यापुढे दुसरा पर्याय काय होता, ते जळकं शहर? पुढचं त्यांचं आयुष्य बघता प्रेम होतं यात मला शंका नाही. ती दोघं एकमेकांवाचून राहू शकत नसत. पण नंतर आलेलं प्रेम आधीच्या परिस्थितीला निर्दोष ठरवत नाही. परिणामावरून कारणाला प्रमाणपत्र देणं ही तर्कातली चूक आहे, आणि प्रेमकादंबरी ती चूक अगदी सवयीनं करते: शेवट गोड झाला ना, मग सुरुवातही गोडच असणार.

आणि तरीही याच कहाणीच्या दुसऱ्या टोकाला एक प्रसंग आहे. त्यासाठी मी हे सगळं सांगितलं. १८१५, वॉटर्लू. लढाई झाली तेव्हा हुआना मागे शहरात होती. तिला बातमी कळली की रायफल पलटणीचा ब्रिगेड मेजर स्मिथ मारला गेला. ती घोड्यावरून रणभूमीकडे निघाली. ताज्या थडग्यांमधून आणि प्रेतांमधून ती नवऱ्याला शोधत होती. तेव्हा ओळखीचा एक अधिकारी भेटला आणि म्हणाला, हॅरी जिवंत आहे. मारला गेला तो दुसरा. आडनाव तसंच उच्चारायचं, फक्त स्पेलिंग वेगळं: स्मिथ नव्हे, स्मिथच, पण वाय घालून लिहिलेला.

मंडळी, इथं जरा थांबा. हुआनाला त्या क्षणी जे वाटलं असेल ते प्रेमकादंबरीचं अगदी शुद्ध सुख आहे. मेला असं वाटलेला माणूस जिवंत आहे. ‘समाधान देणारा, आशादायी शेवट’ याहून मोठा असू शकत नाही. आणि तो शेवट अक्षरशः एका दुसऱ्या माणसाच्या मरणानं शक्य झाला आहे. बातमी खोटी नव्हती. ती फक्त दुसऱ्या दारी जायची होती.

लष्करी प्रेमकादंबरी वाचताना मी आता हाच प्रश्न घेऊन बसतो. दुसऱ्या स्मिथचं काय केलं? पुस्तकात तो आहे का? त्याला नाव आहे का? त्याच्या घरी कुणी आहे का? बऱ्याच पुस्तकांत तो नसतोच. २०११ च्या मे महिन्यात अबोटाबादची कारवाई झाल्यावर अमेरिकन नौदलाच्या कमांडोंचं आकर्षण फार वाढलं आणि त्या सुमाराची बरीच पुस्तकं मी चाळली. त्यांत दुसरा स्मिथ म्हणजे डोंगरातला कुणीतरी बिननावाचा दाढीवाला. तो तीन ओळींत मरतो आणि चौथ्या ओळीत नायकाला नायिकेच्या केसांचा वास आठवतो. हे वाईट लेखन आहे असं मी म्हणतो ते नीतीच्या नावानं नव्हे, किंवा फक्त तेवढ्यासाठी नव्हे. ज्या जगात मरण इतकं स्वस्त आहे, तिथं नायकाचं वाचणंही स्वस्तच होतं. वाचकाला आनंद तरी कशाचा व्हायचा?

उलट उदाहरण देतो. जेसिका स्कॉट. या अमेरिकन सैन्यातल्या अधिकारी, इराकमध्ये तैनात होत्या. त्यांची ‘बिकॉज ऑफ यू’ २०११ मध्येच आली. नायक जखमी होऊन परतलेला सार्जंट, नायिका स्तनांच्या कर्करोगातून उठलेली नर्स. दोघांचीही शरीरं पहिल्यासारखी राहिलेली नाहीत, आणि दोघांनाही आरशात बघवत नाही. या प्रकारातलं नेहमीचं चलनी नाणं म्हणजे धडधाकट देह. तेच इथं काढून घेतलं आहे. वाक्यरचना कुठे कुठे सरधोपट आहे, संवाद लांबतात. पण बाकीचे परत आले नाहीत आणि मी आलो, ही सार्जंटची बोच खरी आहे. ती दुसऱ्या स्मिथला विसरलेली नाही.

ज्यांना लिहायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट व्यवहाराची. नवखे लेखक बंदुकांची नावं गोळा करतात. हुद्दे, संक्षेप, विमानांचे नंबर. ते चुकू नयेत, कबूल. सैनिकाच्या बायकोला चुकीचा बिल्ला पहिल्या पानावर दिसतो आणि ती पुस्तक मिटते. पण गोष्ट त्यांत नसते. गोष्ट रजेच्या अर्जात असते. क्वार्टर रिकामं करायच्या नोटिशीत असते. फोन लागला आणि दोघांनाही बोलायला काही सुचलं नाही, त्यात असते. तो घरी आला आणि मुलानं ओळखलं नाही, त्यात असते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, नवरा सैन्यात होता. त्याच्या तैनातीच्या काळात ती अशी इंग्रजी पुस्तकं एकामागून एक वाचायची. मी जरा मास्तरी स्वरात विचारलं की यातलं तुला काही खरं वाटतं का. ती म्हणाली, सर, रात्री साडेअकराला मला खरं नको असतं, मला झोप हवी असते. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेनं १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ मध्ये अमेरिकेतल्या वाचक बायकांशी बोलून जवळपास हेच नोंदवलं होतं: पुस्तकात काय आहे याइतकंच ते वाचायला बसणं महत्त्वाचं, कारण तेवढा वेळ त्या कुणाच्या आई नसतात, बायको नसतात. या बायकांना भाबड्या म्हणणारे समीक्षक मला त्यांच्याहून भाबडे वाटतात.

शेवटी एक चिठ्ठी आली आहे ती घेतो. विचारलं आहे, मराठीत अशी कादंबरी का नाही?

युद्धाच्या सावलीतली प्रेमकथा मराठीत आहे आणि ती आपल्या भाषेतल्या उत्तम कादंबऱ्यांपैकी आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९. पण तिथं रणांगण बोटीवर आहे, चक्रधर सैनिक नाही, हॅर्टा जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी आहे, आणि वर सांगितलेल्या व्याख्येत ती बसत नाही, कारण तिथं कुणालाच कसलं वचन पाळता येत नाही. हिंदीत गुलेरींची ‘उसने कहा था’ आहे, १९१५ ची. तिथं लहनासिंग वचन पाळतो, पण मरून. आपल्याकडे सैनिक आणि प्रेम एकत्र आले की कुणीतरी मरावंच लागतं, असा जणू संकेत आहे. हुतात्मा सोपा, नवरा अवघड.

सामग्रीची वाण आहे म्हणावं तर तसंही नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे हे गाव आहे, त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणसं सैन्यात गेलेली. त्या भागातली जुनी माणसं महायुद्धाला ‘लाम’ म्हणायची. लामेवर गेलेल्या माणसाची वाट बघणं हा त्या मुलखातल्या बायकांचा शंभर वर्षांचा अनुभव आहे, आणि कादंबरीत तो जवळजवळ नाही.

आणि एक विषय तर मी आयताच देतो. आपल्याकडे शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेला पदकाबरोबरचा भत्ता मिळतो. तिनं पुन्हा लग्न केलं तर तो बंद व्हायचा. अपवाद एकच: तिनं मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर तो चालू राहायचा. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरात निघाली. तोवर म्हणजे सरकारच ठरवत होतं की तिनं कुणावर प्रेम केलं तर ते चालेल. आता कल्पना करा, अशी एक बाई, तिशीतली. दीर चांगला माणूस आहे, सासरची माणसं वाईट नाहीत, भत्त्याची रक्कम मुलीच्या शाळेला लागते, आणि गावातल्या दुसऱ्याच कुणावर तिचं मन बसलं आहे. शेवट गोड करायचा आहे, तो नियम आहे. ही त्या दुसऱ्या स्मिथची बायको. हिची गोष्ट तीनशे पानांत गोड करून दाखवणारं कुणी आज इथं बसलं असेल, तर हस्तलिखित मला वाचायला आवडेल. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तेव्हा अक्षर जरा मोठं ठेवा.